रोहूच्या ओठाची झालर

फेब्रुवारी आला की माझ्या बोटांना अजून फॉर्मॅलिनचा वास येतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी येतो. सकाळचं ऊन जरा कोरडं व्हायला लागतं, दौंडच्या आमच्या गल्लीतला कडुलिंब एका वाऱ्यात निम्मा रिकामा होतो, वरच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात बसून ‘कारण एक, कारण दोन’ असं घोकू लागते, आणि मी स्वयंपाकघरात साबणानं दोनदा हात धुते. प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस आले, हे मला कॅलेंडरच्या आधी माझे हात सांगतात.

ऋता, तुझा ई-मेल नेमका याच दिवसांत आला. सायबर कॅफेत जाऊन मी तो कागदावर छापून आणला, म्हणजे चष्मा लावून शांतपणे वाचता येतो. तू विचारलं होतंस, ‘आजी, तुमच्या नदीत कोणते मासे असतात, आणि ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे? शाळेसाठी पाच तरी हवेत.’ खाली नीलनं त्याच्या मराठीत जोडलं होतं, ‘चित्र पण पाहिजे. कल्ले दाखवून.’

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. त्याच दुपारी, ई-मेलसोबत आलेल्या तुमच्या शाळेच्या छापील कागदावर पट्टी घेऊन तक्ता आखला. पाच ओळी, चार रकाने: नाव, आकार, तोंडाची जागा, ओळखण्याची खूण. तुमच्या आईला लहानपणी माझ्या या आखीवपणाचा फार राग यायचा. पानावर एक शब्द चुकला तरी मी तिला अख्खं पान पुन्हा लिहायला लावत असे, आणि स्वतःही लिहीत असे. खाडाखोड झालेला कागद मी आयुष्यात कुणाच्या हाती दिला नाही. तर कटल्याची ओळ झाली. मग रोहू. त्याच्यासमोर शेवटच्या रकान्यात मी ‘ओठांना झालर’ असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पुढचं दोन दिवस जमलं नाही. तो तक्ता आता पुरा झाला आहे, सोबत पाठवते आहे, तो शाळेत दे. हे पत्र मात्र शाळेसाठी नाही.

मासा समोर आला की लोक आधी त्याचा रंग बघतात. रंगावर फार विसंबू नये. पाण्याप्रमाणे रंग बदलतो, मेल्यावर उतरतो, आणि बरणीत गेल्यावर तर सगळे मासे जुन्या पुस्तकाच्या पानासारखे पिवळट होतात. आधी तोंड बघावं. तोंड कुठं आहे यावरून मासा पाण्याच्या कोणत्या थरात राहतो ते कळतं. कटल्याचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं, आणि खालचा जबडा पुढं येऊन तोंड आभाळाकडं वळलेलं. तो वरच्या पाण्यात खातो. रोहूचं डोकं लहान, तोंड थोडं खाली झुकलेलं. तो मधल्या पाण्यातला. मृगळ सडपातळ, बोथट नाकाडाचा, त्याचं तोंड तळाकडं. तो चिखलाशी राहतो. एकाच तळ्यात तिघं राहतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. मला ही गोष्ट फार आवडायची. दर वर्षी वर्गात सांगताना माझा आवाज जरा चढत असे.

रोहू आणि मृगळ पोरवयात असताना वेगळे करणं अवघड जातं. दोघंही वीतभर, दोघंही चंदेरी, खवले सारखेच. जिवंत असताना रोहूच्या परांवर, म्हणजे पोहायच्या पंखांवर, तांबूस झाक असते, पण ती जाते. राहतो तो ओठ. रोहूचे ओठ जाड असतात आणि त्यांच्या कडेला बारीक झालर असते, जुन्या पोलक्याच्या गळ्याला असायची तशी. मृगळाचा ओठ पातळ आणि साधा. बोटानं हलकेच ओढून बघितलं की संपलं. इतकी सोपी गोष्ट आहे.

शिरूरच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवत होते. माझं शिक्षण पुण्यात, इंग्रजीत झालं होतं, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. प्रयोगशाळेतलं लाकडी कपाट माझ्या ताब्यात आलं तेव्हा निम्म्या बरण्यांवर नावं नव्हती. मी एका उन्हाळ्यात ती सगळी लावली. ड्रॉइंगच्या काळ्या शाईनं, टाकानं, सारख्या उंचीची अक्षरं. बाहेरून येणारे परीक्षक कपाटासमोर उभे राहून म्हणायचे, “बाई, अशी लेबलं जिल्ह्यात नाहीत.” मी आपली ‘चालायचंच’ म्हणायची, पण घरी येऊन आजोबांना सांगायची. ते रेल्वेत गार्ड. दौंडला ड्यूटी, शनिवार-रविवारी शिरूरला यायचे. म्हणायचे, “माझ्या डब्यांवरसुद्धा लिहून देतेस का? पार्सल चुकत नाहीत मग.”

मासे मी घोडनदीकाठच्या हौसाबाईंकडून घेत असे. जाळ्याचं घर त्यांचं. नवरा आणि दीर पाण्यात, त्या बाजारात. फार बोलक्या. शिंगटा हा मिशाळ, बिनखवल्यांचा मासा. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा ताठ झाला की अडकून बसतो आणि हातात गेला तर दोन दिवस ठणका. हौसाबाई त्याला काट्यांच्या मागून अशा धरायच्या की तो बिचारा मिशा हलवण्यापलीकडं काही करू शकत नसे. “नवऱ्याला बी असंच धराया पायजे,” त्या मला सांगायच्या, आणि शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

एका वर्षी कपाटातली रोहूची जुनी बरणी फुटली. मी हौसाबाईंकडून एक रोहू आणणार होते, त्या म्हणाल्या, “मृगळ बी न्या, जोडीनं ऱ्हातील.” दोन्ही आणले. आता माझ्या शिस्तीचा दोष बघा. दुसरं कुणी असतं तर आधी मासे बरणीत टाकले असते आणि मग नावं लावली असती. मी आदल्या दिवशीच दोन्ही बरण्या पुसून, लेबलं चिकटवून, वाळवून ठेवली होती. मासे आले, ते टोचून द्रावात मुरवायला ठेवले. आठवड्यानं दोघंही सारखेच फिकट झाले होते. ते मी एकेक काचपट्टीला बांधून बरण्यांत सोडले, झाकणांना मेण लावलं. नाव आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे आत काय गेलं ते पुन्हा बघावं असं मला वाटलंच नाही. मृगळ रोहूच्या बरणीत गेला आणि रोहू मृगळाच्या. रोहू अभ्यासक्रमात होता, त्याची बरणी पुढं आली. दुसरी कपाटात मागं गेली. अशी किती वर्षं गेली ते मी मोजत नाही.

हौसाबाईंची मुलगी छाया बारावीला माझ्या वर्गात आली. किडकिडीत, केसांना घट्ट तेल, दोन वेण्या वर बांधलेल्या. इंग्रजी कच्चं. पण बेडकाच्या शरीररचनेचा तक्ता एकदा बघितला की तिच्या डोक्यात तो बसायचा. हात स्थिर. तिला डी.एड.ला जायचं होतं. त्या दिवसांत आमच्याकडच्या मुलीला बारावीनंतर मास्तरीण होणं म्हणजे सगळं मिळण्यासारखं होतं; आणि ती यादी गुणांवर लागायची, एका-दोन गुणांवर मुली आत किंवा बाहेर राहायच्या. हौसाबाई मला बाजारात सांगायच्या, “बाई, हिचा बाप म्हणतोय, नंबर लागला तर शिकू दे, न्हाई लागला तर चैत्रात-वैशाखात उरकून टाकू. तुम्ही बघा जरा.” मी म्हणायची, “मी काय बघणार? ती बघेल.” तेव्हा ते वाक्य मला फार सरळ वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत टेबलांवर नमुने मांडलेले असत. प्रत्येकापुढं आकडा. घंटा वाजली की मुलं एका नमुन्यावरून पुढच्यावर सरकत. ओळखा, वर्ग लिहा, दोन कारणं द्या. दोन गुण. त्या शांततेत फक्त चपलांचा आणि पेनांचा आवाज. खिडकीतून शिरीषाच्या वाळक्या शेंगा खडखडताना ऐकू यायच्या. आजही कुठं शेंगा वाजल्या की मी नकळत घड्याळ बघते.

सगळ्या मुलांनी सातव्या आकड्याला ‘रोहू’ लिहिलं. वर्षभर माझ्या बरणीवरच तर त्यांनी अभ्यास केला होता. छायानं ‘मृगळ’ लिहिलं. कारणं इंग्रजीत लिहायची होती. तिनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की ओठ साधा आहे, त्याला झालर नाही. झालरीला इंग्रजी शब्द तिला आठवला नसावा. तिनं ‘झालर’च इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं.

तोंडी परीक्षेला ती समोर बसली तेव्हा बाहेरच्या परीक्षकांनी तिचा कागद पुढं केला. वयस्क, सभ्य गृहस्थ; दुपारची बस गाठायची घाई होती, पण दुष्ट नव्हते.

“सातवा नमुना परत बघायचाय का?”

“न्हाई सर. तो मृगळ हाय.”

“वर्षभर बाईंनी काय शिकवलं?”

छायानं माझ्याकडं बघितलं. “बाईंनी रोहूच शिकवला. पन ह्यो रोहू न्हाई. रोहू मागच्या बरनीत हाय.”

सर थोडं हसले आणि माझ्याकडं वळले. “बाई, काय म्हणते मुलगी?”

मी बरणी उचलली. खिडकीपाशी नेली. उजेडात धरली. माशाचं तोंड काचेला लागलेलं होतं. ओठ पातळ होता. साधा. कडेला काही नव्हतं.

ते बघायला मला दोन क्षण लागले असतील. बरणी खाली ठेवून मी म्हणाले, “लेबल मीच लिहिलंय, सर.”

हे खोटं नव्हतं. लेबल मीच लिहिलं होतं. सरांनी मान हलवली आणि लाल पेनानं सातव्या आकड्यावर काट मारली. छाया उठली, स्टूल जागेवर सरकवलं, बाहेर गेली. तिनं स्टूल सरकवताना आवाज होऊ दिला नाही. मीच तसं शिकवलं होतं.

मी गप्प का राहिले याची कारणं मी पुढं अनेकदा काढली. कारण एक, कारण दोन. मी खरं सांगितलं असतं तर बाकीच्या सगळ्या मुलांचं उत्तर चुकलं असतं, आणि चूक त्यांची नव्हती. तो नमुना रद्द करावा लागला असता, वरती कळवावं लागलं असतं, आधीच्या वर्षांचं काय हा प्रश्न निघाला असता. ही कारणं खरी आहेत. पण खिडकीपाशी उभी असताना यातलं एकही माझ्या मनात आलं नव्हतं. तेव्हा मनात आली ती फक्त माझ्या हस्ताक्षरातली काळी, सारख्या उंचीची अक्षरं.

गुणपत्रकांचं पाकीट संध्याकाळी लाखेनं बंद झालं.

पुढचे दोन दिवस अंगात कसकस होती. तिसऱ्या दिवशी मी हौसाबाईंच्या घरी गेले. नदीच्या बाजूला, उतारावर. दाराबाहेर जाळं वाळत टाकलेलं, एका परातीत मुठीएवढ्या चिलापी. चिलापी तुमच्या तक्त्यात शेवटी आहे: पाठीवर एकच लांब काटेरी पर, अंगावर उभे पट्टे. तिची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. तेवढे दिवस ती काही खात नाही, तोंड मिटून फिरते. तिनं तोंड मिटण्याला काही अर्थ असतो.

हौसाबाईंनी लगबगीनं पोतं झटकून अंथरलं. “बाई, तुम्ही? आन् आमच्या घरी? अगं छाये, पानी आन, तांब्या घासून घे!”

मी बसले, पाणी प्याले, आणि ठरवून आणलेलं वाक्य बोलले. “छायाचं उत्तर बरोबर होतं. बरणीतला मासा मृगळच आहे. काल बाजारात ताजे मासे बघत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं.”

काल मी बाजारात गेलेच नव्हते.

हौसाबाई मोठ्यानं हसल्या. “अवं बाई! एवढ्या शिकल्याल्या तुम्ही, आन् तुम्हाला व्हट कळंना व्हय? म्या इकला आसता ना रोहू म्हनून मृगळ, तर गिऱ्हाइकानं माझ्या टकुऱ्यात घातला आसता!” त्यांना मनापासून गंमत वाटत होती. शेजारच्या दोघींना बोलावून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. “बाईंनी सोता येऊन सांगितलं बरं का. आमच्या छायीचं बरूबर व्हतं.”

छाया हसली नाही. तांब्या हातात धरून उभी होती. “आता बोर्डाला कळवता येतं का, बाई?”

“पाकीट गेलं गं.”

“मग चिठ्ठी तरी बदला. फुडल्या वर्षीच्या पोरी चुकत्याल.”

चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी बदलली. जुनं लेबल पाण्यानं भिजवून, ब्लेडनं खरवडून पार काढलं, काचेवर डागही ठेवला नाही. बोर्डाला अर्जही लिहिला. तीन वेळा, कारण पहिल्या दोन्हीत खाडाखोड झाली. स्वच्छ प्रत तयार झाली ती मी फाईलला लावली. ती अजून फाईललाच आहे.

निकाल लागला, पाऊस लागला, याद्या लागल्या. छायाचं नाव डी.एड.च्या यादीत नव्हतं. यादी किती गुणांवर थांबली ते विचारायला कुणाकडं जायची गरज नव्हती. आमच्याच स्टाफरूमच्या बाहेर फळ्यावर ती लावलेली असे. मी त्या फळ्यासमोरून महिनाभर येत-जात होते आणि कधी थांबले नाही. नोकरीत मी शेवटपर्यंत प्रत्येक आकडा दोनदा तपासला. तो एक तेवढा बघितला नाही. त्या वर्षीच्या पावसाचं मला दुसरं काहीच आठवत नाही. एकदा घोडनदीच्या काठच्या गढूळ पाण्यात मरळीची पिल्लं बघितली, तेवढं आठवतं. शेंदरी रंगाचा एक मोठा ठिपका पाण्यावर हलत होता, शेकडो पिल्लं एकत्र, आणि त्यांच्या खाली कुठं तरी आईबाप. मरळीचं डोकं सापासारखं, त्यावर मोठे खवले, पाठीवरचा पर शेपटीपर्यंत गेलेला. पिल्लांच्या जवळ काही आलं तर ती अंगावर जाते. मी काठावर छत्री घेऊन बराच वेळ उभी होते.

पुढच्या वैशाखात छायाचं लग्न झालं. मला पत्रिका आली होती. मी आहेर पाठवला, गेले नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही दौंडला राहायला आलो. पहिल्याच महिन्यात आजोबा मला मासळीच्या बाजारात घेऊन गेले. ओळीनं बायका बसलेल्या, पुढ्यात लाकडी ओंडके, बर्फाची खोकी, उजनीच्या पाण्यातली ढिगानं चिलापी. एका ओंडक्यामागून आवाज आला, “बाई!” मी वळले. भरलेलं अंग, कपाळावर मोठं कुंकू, हातात कोयता. डोळ्यांवरून छाया ओळखली. नवरा भीमेवर जाळं टाकायचा, ती इथं विकायला बसायची, दोन मुली शाळेत होत्या. हौसाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

मी काही बोलायच्या आत तिनं खोक्यातून एक मासा उचलून माझ्यासमोर धरला. “ह्यो कोन, बाई?”

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. मी चष्मा चढवला. अंगठ्यानं ओठ ओढून बघितला. “रोहू. ओठाला झालर आहे. परांवर तांबडी झाक.”

“पास,” ती म्हणाली, आणि साफ करायला घेतला.

तेव्हापासून दर रविवारी ही परीक्षा आहे. कधी वाम धरते, टोकदार नाकाची, पाठीवर करवतीसारखे काटे असलेली. कधी शिवडा, ज्याच्या तोंडाची फट बघूनच लहान मुलं मागं सरकतात. मी उत्तर देते, दोन कारणं देते, ती म्हणते ‘पास’. शेजारच्या बायकांना त्याची सवय झाली होती. “मास्तरीनबाई आल्या गं, पेपर काढ!” असं त्या लांबूनच ओरडायच्या. आजोबा म्हणायचे, “तू मासे घ्यायला जातेस की पेपर द्यायला?” ते हे चेष्टेत म्हणायचे. पण एकदा परत येताना रेल्वेच्या पुलावर दम खायला थांबले आणि म्हणाले, “त्या पोरीचं तुझ्याकडं काही राहिलंय का?” मी नाही म्हणाले. मग एक मालगाडी आली, तिचे सगळे डबे जाईपर्यंत आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो. आजोबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्याशी खोटं बोललेल्या गोष्टी फार नाहीत. ती त्यातली एक.

तर ऋता, तुझा तक्ता रोहूच्या ओळीत अडकला तो यामुळे. रविवारी मी पिशवी घेतली आणि बाजारात गेले. ठरवून गेले, जशी त्या वेळी हौसाबाईंच्या घरी ठरवून गेले होते.

छाया कुणाची तरी चिलापी खवलत होती. मला बघून तिनं डाव्या हातानं खोक्यातून मासा काढला, पण या वेळी त्याचं डोकं तळव्याखाली झाकलं. नुसतं अंग आणि शेपूट दिसत होतं.

“ह्यो कोन, बाई?”

“हात काढ. ओठ बघितल्याशिवाय सांगणार नाही.”

तिनं हात काढला.

“मृगळ. ओठ साधा. नाकाड बोथट.”

“पास.”

गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं. मी म्हणाले, “छाया, डी.एड.ची यादी कितीवर थांबली होती?”

तिचा हात थांबला नाही. खवले उडून माझ्या चपलेवर पडत होते.

“नऊ मार्कांनी हुकली व्हती,” ती म्हणाली. “तुमचं दोन धरलं तरी सात कमीच. केमिस्ट्रीत गेलं सगळं.”

खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी समोरच्या ओंडक्याला हात टेकला. इतक्या वर्षांचं ओझं सात गुणांनी उतरलं होतं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण छायानं पहिल्यांदा कोयता खाली ठेवला.

“इतकी वर्सं तेच घेऊन बसला व्हता व्हय, बाई?”

“हो.”

तिनं बादलीत हात धुतले, पदराला पुसले. मग हळू आवाजात बोलली, शेजारणीला ऐकू जाऊ नये इतक्या.

“मार्काचं न्हाई वो. सरांनी इचारलं तवा तुम्ही बरनी खिडकीकडं धरली. व्हट बघितलं. म्या तुमच्याकडंच बघत व्हते. म्हनलं, आता बोलत्याल.”

तिनं कोयता पुन्हा हातात घेतला.

“मग तुम्ही घरी आला, आन् बाजारात कळलं म्हनून सांगितलं.”

“तू तेव्हा का नाही बोललीस?”

“आई हासत व्हती,” छाया म्हणाली. “कालेजातली बाई आपल्या दारी आली, आपल्या पोरीचं बरूबर व्हतं म्हनली. लई बरं वाटलं व्हतं तिला. मरूस्तवर सांगत व्हती सगळ्यास्नी. मी कशापायी मोडू?”

मी तिच्याकडं बघितलं. तेच डोळे, स्टूल सरकवून उठतानाचे.

“बघितला होता,” मी म्हणाले. “त्याच वेळी. ओठ साधा आहे हे मला तिथंच दिसलं होतं.”

“व्हय,” ती म्हणाली.

एका बाईनं तिला चिलापीचा भाव विचारला, तिनं सांगितला. माझा मृगळ साफ करून, तुकडे करून तिनं पिशवीत भरला आणि वरून कागद गुंडाळला. मी निघाले. वळणापर्यंत आल्यावर मागून हाक आली, “बाई, फुडल्या आइतवारी या. मरळ येनार हाय.”

घरी येऊन मी तक्ता पुरा केला. मृगळ, मरळ, चिलापी. नील, कल्ले दाखवून चित्रंही काढली आहेत, कटल्याचं डोकं जरा मोठं आलंय, पण ते तसंच असतं. तुमच्या शाळेच्या छापील कागदात सगळ्यात खाली एक रिकामी ओळ होती, माहिती कुणाकडून मिळाली ते लिहायला. तिथं मी आधीच, तक्ता आखतानाच, माझं नाव लिहून ठेवलं होतं. ते आता खोडलंय आणि पुढं छायाचं नाव लिहिलंय. दुसरा कागद छापून आणता आला असता. आणला नाही. माझं नाव खोडलेलं आहे ते त्यावर नीट वाचता येतं.